स्काइपोत्तर मीमांसा

शास्त्र लहान असो वा मोठं, आरंभी चार गोष्टी सांगाव्या लागतात : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. प्रस्तुत शास्त्राचा विषय आहे स्काइप बंद पडल्यावर मराठी कुटुंबांनी टीम्समध्ये केलेला गृहप्रवेश. प्रयोजन काही नाही. आणि निष्प्रयोजन शास्त्रांवरच भाष्यं जास्त होतात, हे जाणकारांना सांगायला नको. संबंध आहे सातासमुद्रापार गेलेल्या मुलांचा आणि इथे राहिलेल्या आईवडिलांचा. अधिकारी तो, ज्यानं आयुष्यात एकदा तरी ‘आई, कॅमेऱ्याकडे बघ, माझ्याकडे नको’ हे वाक्य उच्चारलं आहे. इतरांनी इथेच थांबावं. पुढचं त्यांना समजेल, पण पटणार नाही.

वंशावळ

दूरच्या माणसाचं तोंड बघत बोलण्याची हौस स्काइपहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीनं १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ मांडला आणि १९७०मध्ये तो पिट्सबर्ग शहरात रीतसर विकायला काढला. भाडं महिन्याला १६० डॉलर, त्यात बोलायला अर्धा तास. गिऱ्हाइकं फिरकली नाहीत. पंडित याचं खापर किमतीवर फोडतात. आमचं मत वेगळं आहे. मुलगा पिट्सबर्गला आणि आईवडील सांगलीला, ही विभागणी तेव्हा पुरेशी झालेली नव्हती. मागणीच नव्हती, तर यंत्र काय करणार?

मागणी तयार झाली आणि २९ ऑगस्ट २००३ रोजी स्काइप अवतरलं. जनक दोघे, स्वीडनचे निक्लास झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचे यानुस फ्रीस. प्रत्यक्ष घडवणारे हात एस्टोनियातल्या प्रोग्रामरांचे. याच मंडळींनी त्याआधी ‘काझा’ नावाची फाइल-वाटपाची व्यवस्था उभी केली होती. मध्ये कुणी मोठा मालक नको, संगणकांनी आपसांत देवघेव करावी, हे तिचं तत्त्व. तेच स्काइपमध्ये उतरलं. ज्याचं इंटरनेट दणकट आणि पत्ता उघडा, त्याच्या संगणकाला व्यवस्था परस्पर ‘सुपरनोड’ करून टाकी आणि तो बापडा नकळत इतरांचे पत्ते शोधून देण्याचं काम करत बसे. चाळीत ज्याच्या घरी फोन असे त्याला सगळ्यांचे निरोप पोचवावे लागत, तसंच हे. फरक इतकाच की या शेजाऱ्याला आपण निरोप्या झालो आहोत याचा पत्ताही नसे. २०१२पर्यंत ही निरोपेगिरी कंपनीनं स्वतःच्या सर्व्हरांवर नेली आणि शेजारधर्म संपला.

मालकी मात्र फिरत राहिली. २००५मध्ये ईबेनं २.६ अब्ज डॉलर मोजले. लिलावात विकणारा आणि घेणारा एकमेकांशी बोलतील, ही अटकळ. ती फसली, कारण अनोळखी माणसांना भावापलीकडे एकमेकांशी बोलायचं काही नसतं. ऑगस्ट २००७मध्ये विंडोजच्या नेहमीच्या अपडेटनंतर जगभरचे संगणक पाठोपाठ रीस्टार्ट झाले, सगळ्यांनी एकाच वेळी पुन्हा दार ठोठावलं आणि स्काइप दोनेक दिवस आडवं पडलं. दोष आमच्याच प्रणालीतला, विंडोजचा नव्हे, असा खुलासा स्काइपनं केला. चार वर्षांनी, २०११मध्ये, विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्टनंच ८.५ अब्ज डॉलरला स्काइप विकत घेतलं. योगायोगाला शास्त्रात प्रमाण मानत नाहीत. नोंद मात्र करतात.

पुढचा इतिहास मत्स्यन्यायाचा आहे. २०१३मध्ये स्काइपच्या पोटात मायक्रोसॉफ्टचाच जुना मेसेंजर गेला. २०१५मध्ये कंपनीच्या ‘लिंक’ या कचेरी-सेवेचं बारसं ‘स्काइप फॉर बिझनेस’ असं झालं. २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टचं टीम्स जन्मलं आणि ३१ जुलै २०२१ला त्यानं या कचेरी-स्काइपची ऑनलाइन गादी रिकामी करून घेतली. उरलं घरगुती स्काइप. २८ फेब्रुवारी २०२५ला घोषणा झाली आणि ५ मे २०२५ला त्याचाही कारभार आटोपला. जुन्या नाव-पासवर्डानंच टीम्समध्ये या, तुमची माणसं आणि तुमच्या गप्पा तिथे आधीच मांडून ठेवल्या आहेत, असं निमंत्रण होतं. ज्यांना यायचं नव्हतं त्यांना आपलं सामान उचलायला जानेवारी २०२६पर्यंत मुदत मिळाली. भाडेकरूला इतकी मुदत पुण्यातही मिळत नाही.

आचारकांड

आता मूळ प्रश्न. एक सेवा गेली, दुसरी आली. मग शास्त्र कशाला? उत्तरासाठी स्काइपयुगातला आचार बघावा लागेल.

त्याआधीचं युग एसटीडी-आयएसडी बूथचं. काचेच्या खोक्यात लाल आकडे पळत आणि बोलणारा त्यांच्याकडे बघत बोले. ‘सगळे बरे आहेत, तू बरा आहेस ना, जेवत जा, ठेवतो.’ मीटरच्या धाकानं भाषा तारेसारखी आखूड झाली होती. भारतात इंटरनेटवरून बोलायला १ एप्रिल २००२पासून परवानगी मिळाली, २००५मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, २००६मध्ये स्काइपवर चित्रही दिसू लागलं, आणि मीटर नाहीसा झाला. फुकट वेळ हाती आल्यावर मराठी माणूस काय करतो याचा अभ्यास इथून सुरू होतो.

तो विधी करतो. रविवारची सकाळ, म्हणजे न्यू जर्सीतली शनिवारची रात्र. हॉलमधल्या संगणकाचं कापडी कव्हर निघतं. मॉनिटरच्या माथ्यावर वेबकॅम सरळ केला जातो. बाबा वर इस्त्रीचा शर्ट घालतात. खाली पायजमाच राहतो, कारण तो चौकटीत येत नाही हे त्यांनी प्रयोगानं सिद्ध केलेलं असतं. मग आवाजाची चाचणी. स्काइपच्या यादीत ध्वनिचाचणीचा एक खास संपर्क असे. त्याला फोन लावून बोललं की आपलंच बोलणं परत ऐकू येई. ‘हॅलो, मी आई बोलतेय’ असं आई त्याला सांगे आणि तो तिला तेच सांगे. तिचं सगळं म्हणणं न टोकता ऐकून घेणारा घराच्या संपर्कातला तो एकमेव इसम होता, असं ती अजून म्हणते.

विधीला कालनिर्णयही आहे. भारत आणि न्यू जर्सी यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेतलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे सरकतं. परिणामी त्यानंतरच्या खेपेला मार्चात मुलगा तासभर लवकर उगवतो आणि आई आंघोळीला गेलेली असते. नोव्हेंबरात तो तासभर उशिरा येतो आणि तोवर आईनं दोन नातेवाइकांना ‘फोन लागत नाहीये, मेलं काय झालंय कळत नाही’ असं कळवलेलं असतं.

दर्शनाचे तीन भेद आहेत. ललाटदर्शन : चौकटीत फक्त कपाळ आणि वर ट्यूबलाइट. छतदर्शन : टॅब्लेट टेबलावर उताणा, फिरणारा पंखा, आणि दुरून येणारा आवाज. कर्णदर्शन : व्हिडिओ चालू असताना टॅब्लेट सवयीनं कानाला, मुलाला आईचा कान दिसतो, कुडीसकट. पूर्ण मुखदर्शन शास्त्रात सांगितलं आहे, पण ते क्वचित घडतं आणि घडलं की बोलणारा ‘जरा थांब, दार वाजतंय’ म्हणून उठतो.

संभाषणाची रचनाही ठरलेली. प्रथम मंगलाचरण, ‘ऐकू येतंय का? दिसतेय का मी? तू नाही दिसत, गोल फिरतंय नुसतं.’ मग पार्श्वभूमीचं निरीक्षण. मुलाच्या खांद्यामागे सिंक आहे, सिंकमध्ये भांडी आहेत, सोफ्यावर न घडी घातलेले कपडे आहेत. आईच्या दृष्टीनं ही मूळ साधनं, मुलाचं बोलणं दुय्यम. त्यानंतर जेवण, हवा, गुडघे. आणि सर्वांत शेवटी ‘चल, ठेवते’.

इथे अभ्यासकांनी सावध राहावं. ‘चल, ठेवते’ हा समारोप नाही. तो प्रस्तावना आहे. पाऊण तास जी गोष्ट बोलली गेली नाही ती यानंतरच येते. ‘ठेवते मग. हां, आणि काल बाबांची ॲन्जिओग्राफी झाली, काळजीचं काही नाही.’ जमिनीचा वाद, मावशीचं आजारपण, धाकट्याची मोडलेली सोयरीक, यांतलं काहीही मराठी घरात ‘ठेवते’च्या आधी सांगितल्याचा दाखला मिळत नाही.

टीम्सकांड

या सुस्थिर आचारात टीम्स आलं. त्याची जडणघडण कचेरीची. इथे नुसता फोन येत नाही, मीटिंगची लिंक येते. कॅलेंडर आहे, हात वर करायची सोय आहे आणि बाहेर थांबायला लॉबी आहे. लॉबीवरून पहिला तंटा झाला. आई लिंकवरून गेली तेव्हा पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला, कुणी आत घेईपर्यंत थांबा. मुलाचं लक्ष नव्हतं. ‘माझ्याच मुलाकडे जायला मला आता बाहेर तिष्ठावं लागतं’, हे वाक्य त्या दिवशी सुनेच्या नावावर जमा झालं. सुनेनं ते ॲप बनवलेलं नाही, हा युक्तिवाद टिकला नाही.

हात वर करण्याचा प्रश्न सौम्य होता. आजीचं बोट चुकून त्या बटणावर पडलं आणि सगळे अदबीनं गप्प झाले. आजीला वाटलं, आवाज गेला. अशा रीतीनं चार पिढ्या एकमेकींकडे बघत बसल्या. नंतर सगळ्यांनी कबूल केलं की इतकी शांतता घरात पूर्वी कधी झाली नव्हती.

बाबांना मात्र टीम्स मानवलं. सेवानिवृत्त अधिकारी आणि सोसायटीचे माजी सचिव अशा माणसाला घरगुती बोलण्यात नेहमी काहीतरी कमी भासे. ते काय, हे आता समजलं. त्यांनी विषयपत्रिका काढली. विषय १ : मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. विषय २ : दिवाळीत कोण येणार. विषय ३ : ऐनवेळचे विषय, माननीय अध्यक्षांच्या परवानगीनं. अध्यक्ष तेच. या पद्धतीनं एक शास्त्रीय लाभ झाला. ‘चल, ठेवते’नंतर जे येतं त्यालाच दप्तरी भाषेत ऐनवेळचे विषय म्हणतात, हे प्रथमच लक्षात आलं.

पण तिथेच खोच आहे. टीम्सच्या मोफत आवृत्तीत तिघं किंवा अधिक जण जमले की मीटिंग ६० मिनिटांत संपते. दोघंच असतील तर ३० तास मिळतात. म्हणजे आई आणि एक मुलगा यांनी सव्वा दिवस बोलावं, यंत्राची हरकत नाही. मेलबर्नची मुलगी, न्यू जर्सीचा मुलगा आणि नाशिकचे आईबाबा एकत्र आले की मात्र तासाची मर्यादा. आता हिशेब करा. मंगलाचरण, पार्श्वभूमी, जेवण, हवा, गुडघे यांत ५५ मिनिटं जातात. ‘चल, ठेवते’ ५८व्या मिनिटाला येतं. ॲन्जिओग्राफी ६१व्या मिनिटाला असते. स्काइपवर सामूहिक व्हिडिओ २०१४मध्ये फुकट झाल्यापासून असा कडेलोट होत नसे.

धूसर पार्श्वभूमीची तक्रारही टीम्सच्या नावावर मांडली जाते. मुलानं ती चालू केली की सिंक, सोफा, कपडे सगळं धुक्यात जातं आणि आईच्या हातातली मूळ साधनं नष्ट होतात. न्यायानं बघता ही सोय टीम्समध्ये २०१८ला आली तशी स्काइपमध्येही २०१९ला आली होती. म्हणून हा दोष स्थलांतराच्या खात्यावर चढवता येत नाही. आई तो चढवते. ‘पूर्वी निदान दिसायचं तरी’, एवढंच तिचं म्हणणं, आणि ते खरंही आहे.

एक गोष्ट मात्र स्थलांतरातून जशीच्या तशी आली : माणसांची यादी. त्यात मुलांची जुनी कॉलेजातली टोपणनावं होती, एकाच मावशीची तीन खाती होती, आणि दोन वर्षांपूर्वी गेलेले काका होते. ते आता लागणार नाहीत हे यंत्राला माहीत नाही. घरात माहीत आहे, पण नाव पुसायचं बटण कुणी दाबत नाही. या बाबतीत शास्त्राला भाष्य करायचं नाही.

पूर्वपक्ष

पूर्वपक्षी म्हणतो, हे सगळं कालबाह्य आहे. व्हॉट्सॲपवर २०१६च्या नोव्हेंबरपासून व्हिडिओ कॉल होतो. स्काइप रोज वापरणारे २०२०च्या मार्चमध्ये ४ कोटी होते, २०२३मध्ये ३ कोटी ६० लाख उरले. टाळेबंदीत सारं जग पडद्यावर आलं आणि तरीही स्काइपची वाढ टिकली नाही. मेलेल्याचं श्राद्ध किती दिवस घालायचं?

उत्तर असं. व्हॉट्सॲपचा कॉल फोन हातात धरणाऱ्याचा असतो. हॉलमधल्या पडद्यावरचा कॉल घराचा असतो. तिथे केर काढता काढता कामाच्या ताई डोकावतात आणि ‘दादा बारीक झाले हो’ असा अहवाल देतात. वाटी परत करायला आलेल्या शेजारच्या काकू दहा मिनिटं थांबतात. नातवाला लाजेनं पलंगाखाली जाता येतं आणि तो पलंगाखाली गेलेला सर्वांना दिसतो. मोठा पडदा हवा असणाऱ्यांची एक चिवट जमात शिल्लक होती, आणि ५ मेला बेघर झाली ती हीच. मोठ्या संख्येचा अभ्यास कंपन्या करतात. उरलेल्यांचा अभ्यास शास्त्रानं करायचा असतो.

पूर्वपक्षी पुन्हा उठतो. बरं, टीम्समध्ये आवाज स्वच्छ, चित्र स्पष्ट, खातं तेच, माणसं तीच. मग तुमच्या घरी पहिली दहा मिनिटं अजून ‘ऐकू येतंय का’ यातच का जातात?

हा आक्षेप मार्मिक आहे. यातूनच सिद्धान्त निघतो.

सिद्धान्त

अडचण नष्ट होत नाही. ती एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये जाते. बूथमध्ये लाइन मिळत नसे. स्काइपवर आवाज घुमे. टीम्सवर दोन्ही नाही, तर पासवर्ड विसरतो, लॉबी आडवी येते, माइक बंद राहतो. सेवा जितकी सुधारते तितकी अडचण हुशार होते, आणि तिचा कालावधी मात्र कायम दहा मिनिटं राहतो. याला आम्ही अडचणीचं अक्षय्यत्व म्हणतो.

आता कारण. घरातला एक पुरावा सर्वांच्या डोळ्यांसमोर असून कुणी विचारात घेत नाही. टीम्सचं बटण जिला सापडत नाही ती हीच आई भाजीवाल्याला क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देते, भिशीचा हिशेब मोबाइलवर ठेवते, कोकणात जाणाऱ्या गाडीचं तत्काळ तिकीट दहाच्या ठोक्याला काढते. ओटीपी तिला घाबरवत नाही. बँकेचं ॲप अपडेट मागतं तेव्हा ती अपडेट करते आणि कुणाला विचारत नाही. तिचं अडतं ते केवळ मुलाला फोन लावताना. ज्ञानाची ही निवडक गैरहजेरी वयानं समजावून सांगता येत नाही.

ती समजते ती मुलाच्या बाजूनं बघितलं की. बारा हजार किलोमीटरवरून तो आईच्या गुडघ्याला तेल लावू शकत नाही, बाबांना डॉक्टरकडे नेऊ शकत नाही, गॅसचा सिलिंडर आत ओढू शकत नाही. पासवर्ड बदलून देऊ शकतो. ‘अगं, डावीकडे वर बघ, तीन ठिपके दिसतात ना, ते दाब’ हे त्याच्या हातचं एकमेव काम उरलं आहे, आणि आई त्याला ते दर आठवड्याला काढून देते. बाबाही देतात, पण ते आपण विसरलो असं न म्हणता ‘यांनी पुन्हा सगळं बदललं’ असं म्हणतात.

शिवाय अडचण नसती तर काय झालं असतं, याचाही विचार हवा. कॉल लागताच स्वच्छ चित्र, स्वच्छ आवाज, आणि समोर मुलगा. आईला मग सरळ विचारावं लागलं असतं, तू सुखात आहेस ना, आणि त्याला सरळ सांगावं लागलं असतं. अशा बोलण्याचा सराव आपल्या घरांत कुणालाच नाही. ‘दिसतेय का मी?’ विचारता येतं. ‘हो, दिसतेस’ सांगता येतं. तेवढ्यावर आठवडा निघतो.

फलश्रुती

हे शास्त्र जो रविवारी कॉलआधी वाचेल त्याचा माइक वेळेवर चालू होईल. जो कॉल चालू असताना वाचेल त्याला आई ‘इकडे लक्ष दे’ म्हणेल. जी सून वाचेल तिची लॉबीच्या आरोपातून सुटका होणार नाही, पण आरोपाचं मूळ तिला कळेल. ज्या घरी तिघं किंवा अधिक जण जमतात त्यांनी ऐनवेळचे विषय पत्रिकेत पहिले घ्यावेत. ते तसं करणार नाहीत, तरी सुचवणं आमचं कर्तव्य. ज्या मुलानं सुट्टीत घरी येऊन आईच्या टॅब्लेटवर टीम्स बसवलं, पासवर्ड आपोआप भरेल असं केलं, लॉबी बंद केली, माइक कायमचा चालू ठेवला आणि एकही अडचण शिल्लक ठेवली नाही, त्यालाही याचं फळ मिळेल. परत गेल्यावर पहिल्याच रविवारी त्याला आईचा कॉल येईल, तो विनाविघ्न लागेल, आणि सात मिनिटांत संपेल.